स्वतःचा ईसीयू करताय? बोर्डापासून सुरुवात करू नका

गाडीच्या इंजिनाचा ईसीयू, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगीची वेळ ठरवणारा छोटा संगणक, स्वतः बनवायचा असं मनात आलं की पहिला प्रश्न हमखास एकच असतो: कुठला बोर्ड घेऊ? मीही तिथूनच सुरुवात केली. जास्तीत जास्त मेगाहर्ट्झचा बोर्ड मागवला आणि कोड लिहायला बसलो. बोर्डात काही खोट नव्हती. तरी इंजिन त्यावर नीट चालायला वर्ष गेलं, कारण प्रोसेसरच्या बाहेरचा विचारच मी केला नव्हता. क्रँक सेन्सरची (इंजिनाचा मुख्य दांडा किती फिरला हे सांगणाऱ्या सेन्सरची) लहर प्रोसेसरला समजेल अशी कशी करायची, ठिणगी पाडणाऱ्या कॉइलचा उलटा धक्का कुठे जिरवायचा, बोर्ड रीसेट होतो त्या अर्ध्या सेकंदात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर उघडा राहिला तर काय, हे सगळे प्रश्न एकेक करून समोर आले आणि प्रत्येकाने काही ना काही जाळलं.

तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हा लेख. थोडं प्रोग्रॅमिंग आणि थोडं सोल्डरिंग येतं, पण गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला पहिल्यांदाच हात घालताय, असं धरून लिहितोय. खाली पायऱ्या ज्या क्रमाने दिल्यात, त्याच क्रमाने जा.

१. आधी इंजिनाची यादी करा

कागद घ्या आणि तुमच्या इंजिनावर नेमकं काय बसवलंय ते लिहून काढा. अंदाजाने नको. बॉनेट उघडून, सॉकेट मोजून, सेन्सरवरचा पार्ट नंबर वाचून लिहा.

उदाहरण म्हणून चार सिलिंडरचं, प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर आणि वेगळी कॉइल असलेलं साधं पेट्रोल इंजिन घेऊ. आउटपुट असे: ४ इंजेक्टर, ४ कॉइल, फ्युएल पंपाचा रिले, रेडिएटर फॅनचा रिले, आयडल व्हॉल्व्ह आणि टॅकोमीटर. झाले १२. अ‍ॅनलॉग इनपुट असे: मॅनिफोल्डचा दाब, थ्रॉटलची स्थिती, कूलंटचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, लॅम्डा (धुरातल्या ऑक्सिजनचा सेन्सर) आणि बॅटरीचा व्होल्टेज. झाले ६. शिवाय क्रँक आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हे दोन वेळेचे सिग्नल. त्यावर कॅन बसच्या (गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग ज्यावरून एकमेकांशी बोलतात तिच्या) दोन पिना, यूएसबीच्या दोन, डीबगरच्या दोन.

प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहा: किती व्होल्ट, किती अँपिअर आणि सिग्नलचा प्रकार. इंजेक्टरचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजा. १२ ते १६ ओहम आला तर तो हाय इम्पीडन्स, १४ व्होल्टला साधारण १ अँपिअर घेणारा. २ ते ३ ओहम आला तर लो इम्पीडन्स. त्याला साधा मॉस्फेट लावला तर पाच-सहा अँपिअर सतत वाहतील आणि इंजेक्टरची कॉइल जळेल. त्याला आधी जास्त प्रवाह देऊन मग तो कमी करणारा पीक-अँड-होल्ड ड्रायव्हर लागतो. हे मोजणं पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचा सगळा बोर्ड त्यावर ठरतो.

इंजिनाला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर पहिल्या प्रोजेक्टसाठी दुसरं इंजिन बघा, किंवा केबलवर चालणारी थ्रॉटल बॉडी बसवा. हे मी आग्रहाने सांगतोय. कारखान्यातून येणाऱ्या गाडीत पेडलवर दोन आणि थ्रॉटलवर दोन सेन्सर असतात, ते सतत एकमेकांशी ताडून पाहिले जातात आणि फरक दिसला की मोटरचा पुरवठा तोडला जातो. तुमच्या कोडमधली एक चूक आणि थ्रॉटल पूर्ण उघडा, ही जोखीम शिकताना घेऊ नका.

२. वेळेचं गणित एकदा हाताने करा

इंजिन ६००० आरपीएमवर असताना क्रँकशाफ्ट सेकंदाला १०० फेरे मारतो. एका फेऱ्याला १० मिलिसेकंद, म्हणजे एका अंशाला साधारण २८ मायक्रोसेकंद. ठिणगी अर्ध्या अंशाच्या आत अचूक हवी असेल, तर सेन्सरपासून कॉइलपर्यंतची सगळी चूक मिळून १४ मायक्रोसेकंदांच्या आत बसली पाहिजे. क्रँकवर ६० वजा २ दातांचं चाक (दातांच्या ६० जागा, त्यातले दोन दात खूण म्हणून गाळलेले) असेल तर दर ६ अंशांना एक दात, म्हणजे या वेगाला दर १६७ मायक्रोसेकंदांनी सिग्नलची एक कड. अर्डुइनोमधलं नेहमीचं अ‍ॅनलॉग वाचन एकदा करायला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात आणि मुख्य प्रोग्रॅम तेवढा वेळ तिथेच थांबतो. तुलना तुम्हीच करा.

आता दुसरं टोक. स्टार्टर मारताना इंजिन २०० आरपीएमच्या आसपास फिरतं. एका फेऱ्याला ३०० मिलिसेकंद. १६ बिटांचा टायमर एकेका मायक्रोसेकंदाने मोजत असेल तर तो ६५ मिलिसेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. चाकाला चारच दात असतील तर दोन दातांमध्ये ७५ मिलिसेकंद जातात. म्हणजे मोजणी मधेच गुंडाळली जाते, आणि कोडने ती सांभाळली नाही तर इंजिन वेगात उत्तम चालेल पण सुरूच होणार नाही.

म्हणून प्रोसेसरच्या माहितीपत्रकात मेगाहर्ट्झच्या आधी टायमर बघा. किती टायमर, किती बिटांचे, प्रत्येकाला किती चॅनल? इनपुट कॅप्चर आहे का? म्हणजे कड आली त्या क्षणी हार्डवेअर स्वतःच आकडा टिपून ठेवतं, प्रोग्रॅम थोडा उशिरा पोहोचला तरी नोंद खरी राहते. आउटपुट कम्पेअर आहे का? म्हणजे ठरलेल्या आकड्याला हार्डवेअरच पिन वर-खाली करतं. या दोन सोयी असलेली १६ मेगाहर्ट्झची चिप इंजिन चालवू शकते. त्या नीट न वापरणारी ६०० मेगाहर्ट्झची चिप अडखळते.

३. आता प्रोसेसर आणि बोर्ड

अर्डुइनो मेगा २५६०. स्पीडुइनो हा ईसीयूचा मुक्त प्रकल्प यावरच उभा राहिला. ८ बिटांची चिप, १६ मेगाहर्ट्झ, ८ किलोबाइट रॅम. चार सिलिंडरपर्यंतचं साधं इंजिन यावर खरोखर चालतं, आणि बोर्ड सगळीकडे मिळतो. शिकायला मला हाच सर्वांत चांगला वाटतो, कारण कोड वाचून समजतो आणि पिना ५ व्होल्टच्या असल्याने बहुतेक सेन्सर थेट जुळतात. मर्यादा अशी की चिपमध्ये कॅन नाही, फ्लोटिंग पॉइंटचं हार्डवेअर नाही आणि रॅम लवकर संपते.

यातला एक सापळा मी जवळून पाहिलाय. इंजिन मस्त आयडलला चाललेलं. लॅपटॉप जोडला, सॉफ्टवेअर उघडलं, आणि इंजिन बंद. तीनदा तेच. बिघाड इंजिनात नव्हताच. या बोर्डावर संगणकाने सीरियल पोर्ट उघडला की बोर्ड आपोआप रीसेट होतो, म्हणजे नवा प्रोग्रॅम चढवणं सोपं जावं. टेबलावर ती सोय, गाडीत तो घात. रीसेट पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की हे थांबतं. प्रोग्रॅम चढवताना तो काढायचा. तसंच बूटलोडर सुरू होताना १३ नंबरच्या पिनवरचा एलईडी लुकलुकवतो. त्या पिनला चुकूनही कॉइल किंवा इंजेक्टर जोडू नका.

एसटीएम३२. रुसईएफआय हा दुसरा मोठा मुक्त प्रकल्प याच कुटुंबावर चालतो. एफ४०७ चिप १६८ मेगाहर्ट्झची, फ्लोटिंग पॉइंटसह, १२ बिटांचे तीन एडीसी (अ‍ॅनलॉग व्होल्टेजचा आकडा करणारे भाग), ३२ बिटांचे दोन टायमर आणि आतच दोन कॅन कंट्रोलर. डिस्कव्हरी आणि न्यूक्लिओ या बोर्डांवर डीबगर आधीच बसवलेला असतो, ही मोठी सोय. फक्त डिस्कव्हरी घेताना सर्किटचा नकाशा उघडून बघा. बोर्डावरचा अ‍ॅक्सिलरोमीटर आणि ऑडिओ चिप काही पिना आधीच अडवून बसलेल्या असतात. माझा एक अ‍ॅनलॉग सिग्नल दोन आठवडे विचित्र येत होता, तो याच कारणाने.

एफ४०७ ची जी गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती, ती ही. तिच्यात प्रोग्रॅम आणि तुमचं ट्यूनिंग एकाच फ्लॅश बँकेत राहतं. १२८ किलोबाइटचा एक सेक्टर पुसायला एक ते दोन सेकंद लागू शकतात, आणि तेवढा वेळ फ्लॅशमधून चालणारा प्रोग्रॅम जागच्या जागी गोठतो. मी हे टेबलावर पाहिलं. स्टिम्युलेटरवर ३००० आरपीएमचा खोटा सिग्नल, लॉजिक अ‍ॅनालायझरच्या पडद्यावर चार इंजेक्टरच्या चार रेघा नियमित ठोके देत होत्या. 'सेव्ह' दाबलं. तीन रेघा खाली सपाट झाल्या आणि चौथी वरच अडकली. जिथे तीन मिलिसेकंदांचा पल्स हवा, तिथे सेकंदाहून मोठा. खऱ्या इंजिनात तेवढा वेळ पेट्रोल सिलिंडरमध्ये ओतलं गेलं असतं. उपाय तीन आहेत: इंजिन बंद असतानाच सेव्ह करू देणं, सेटिंग्ज बाहेरच्या एफरॅम चिपमध्ये (आधी पुसावी न लागणारी, वीज गेली तरी टिकणारी मेमरी) ठेवणं, किंवा दोन बँकांची फ्लॅश असलेली चिप घेणं, उदाहरणार्थ २ मेगाबाइटची एफ४२७. सुरुवातीला पहिला उपाय पुरे.

टीन्सी ४.१. ६०० मेगाहर्ट्झ, अफाट वेग, स्पीडुइनोही यावर चालतो. पण पिना फक्त ३.३ व्होल्टच्या. ५ व्होल्टचा एक सिग्नल चुकून लागला की पिन गेली, कधी कधी चिपच. आधी इनपुटचं सर्किट, मग टीन्सी.

ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय. इंजिन चालवण्यासाठी घेऊ नका. ईएसपी३२ चा एडीसी सरळ रेषेत मोजत नाही, आणि वायफाय चालू असताना त्याचा दुसरा एडीसी वापरता येत नाही. पायवर लिनक्स असतं, ते मायक्रोसेकंदांची हमी देत नाही. डॅशबोर्ड आणि डेटा लॉगिंगसाठी मात्र दोन्ही छान.

ऑरिक्स आणि एमपीसी५xxx. कारखान्यातल्या ईसीयूंमध्ये याच जातीच्या चिप असतात. इन्फिनिऑनच्या ऑरिक्समध्ये जीटीएम आणि एनएक्सपीच्या चिपमध्ये ईटीपीयू नावाचा, टायमरचं काम स्वतंत्रपणे करणारा भाग असतो. मुख्य प्रोसेसरला हात न लावता तो क्रँकच्या कोनाचा हिशोब ठेवतो. काम अतिशय देखणं, पण शिकायला डोंगर. दुसऱ्या ईसीयूसाठी राखून ठेवा.

यादीतल्या पिना मोजल्यावर किमान तीस टक्के मोकळ्या राहतील असा बोर्ड घ्या. पुढे नॉक सेन्सर, बूस्ट कंट्रोल, क्लच स्विच असं काही ना काही वाढतंच.

४. इनपुट: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

क्रँक सेन्सर दोन प्रकारचे. हॉल सेन्सरला तीन तारा असतात आणि तो स्वच्छ चौकोनी लहर देतो. त्याचा आउटपुट बहुधा ओपन कलेक्टर असतो, म्हणजे तो सिग्नल फक्त खाली ओढतो, म्हणून पुल-अप रेझिस्टर लावावा लागतो. सेन्सरला पुरवठा ५ किंवा १२ व्होल्टचा असला तरी पुल-अप प्रोसेसरच्या ३.३ व्होल्टला जोडता येतो, वेगळं लेव्हल शिफ्टर लागत नाही.

व्हीआर सेन्सरला सिग्नलच्या दोनच तारा. तो चुंबक आणि गुंडाळी, बाकी काही नाही. इंजिन हळू फिरताना त्यातून व्होल्टचा काही भागच येतो, वेगात तोच सेन्सर कित्येक दहा व्होल्ट देतो. म्हणून तो थेट पिनला जोडणं म्हणजे पिन मारणं. त्याला खास चिप लागते. मॅक्स९९२६ मध्ये दोन चॅनल आहेत, क्रँक आणि कॅम दोन्हींची सोय होते, आणि लहर वाढेल तसा ती आपला उंबरठा वाढवत नेते.

यातला फसवा सापळा म्हणजे उलट्या तारा. दाताचं केंद्र सेन्सरसमोरून जाताना लहर शून्यातून झपकन खाली जायला हवी. तारा उलटल्या तर तिथे ती झपकन वर जाते आणि खाली येते दोन दातांमधल्या मोकळ्या जागेत, संथपणे. सर्किट त्या संथ कडेवर सुटतं. इंजिन सुरू होतं, म्हणूनच फसायला होतं. पण आरपीएम वाढेल तसं टायमिंग सरकत जातं आणि गळालेल्या दातांची जागा मधेच चुकते. ऑसिलोस्कोपवर लहर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तापमानाचे सेन्सर एनटीसी जातीचे असतात, म्हणजे तापतील तसा त्यांचा रेझिस्टन्स कमी होतो. त्यांना पुल-अप लावायचा. २.४९ किलोओहम, १ टक्का अचूकतेचा, हे रूढ मूल्य. प्रेशर आणि थ्रॉटल सेन्सर ५ व्होल्टपर्यंत जातात, म्हणून ३.३ व्होल्टच्या चिपला व्होल्टेज डिव्हायडर हवाच. एसटीएम३२ च्या काही पिना ५ व्होल्ट सहन करतात असं माहितीपत्रकात दिसेल, पण ती सहनशक्ती पिन अ‍ॅनलॉगला लावली की उरत नाही.

सेन्सरचं ग्राउंड वेगळ्या तारेने थेट ईसीयूवर आणा, इंजिनाच्या ब्लॉकला जोडू नका. फॅन चालू झाला की कूलंटचं तापमान दोन अंशांनी उडी मारतंय, असं दिसलं तर दोष बहुतेक वेळा इथेच सापडतो. लॅम्डासाठी एलएसयू ४.९ सेन्सर तयार कंट्रोलरसह घ्या. त्याचा हीटर सांभाळणं हा स्वतंत्र विषय आहे.

५. आउटपुट आणि वीजपुरवठा

इंजेक्टरला बॅटरीचा प्लस कायम असतो, ईसीयू ग्राउंडची बाजू जोडतो-तोडतो. तोडताना उलटा व्होल्टेज उसळतो, म्हणून आतून क्लॅम्प असलेला मॉस्फेट घ्या. प्रोसेसरच्या ३.३ व्होल्टला तो पूर्ण उघडतो का, हे माहितीपत्रकातल्या आलेखावर तपासा. अर्धवट उघडलेला मॉस्फेट तापतो.

कॉइल आतच ड्रायव्हर असलेली असेल तर तिला फक्त ५ व्होल्टचा इशारा पुरतो. पहिल्या प्रोजेक्टला अशीच कॉइल घ्या. साधी कॉइल असेल तर इग्निशनसाठीच बनवलेला आयजीबीटी (जास्त व्होल्टेज झेलणारा ट्रान्झिस्टर) लागतो, कारण प्रायमरीवर ४०० व्होल्टच्या आसपास धक्का येतो.

प्रत्येक आउटपुटच्या गेटला पुल-डाउन रेझिस्टर लावा, एकही न चुकवता. बोर्ड सुरू होताना, रीसेटमध्ये, प्रोग्रॅम चढवताना पिना अधांतरी असतात. डीबगरने मधेच थांबवला की त्या होत्या तशाच अडकतात, आणि तिथे पुल-डाउनही कामाचा नाही. माझी एक कॉइल अशाच ब्रेकपॉइंटवर गेली. कोड थांबवून मी निवांत व्हेरिएबल वाचत होतो, आणि कॉइलला तीन मिलिसेकंदांऐवजी कित्येक सेकंद प्रवाह मिळत होता. तेव्हापासून कॉइल जोडलेली असताना ब्रेकपॉइंट लावत नाही.

पुरवठ्याबद्दल थोडक्यात. गाडीतले १२ व्होल्ट म्हणजे कधी ६, कधी १४, आणि चार्जिंग चालू असताना बॅटरीची तार सुटली तर त्याहून कितीतरी जास्त. आयएसओ १६७५०-२ या मानकात, अल्टरनेटरमध्ये आतून बंदोबस्त नसेल तर ७९ ते १०१ व्होल्टपर्यंतचा धक्का धरलेला आहे. म्हणून फ्यूज, उलट्या बॅटरीपासून संरक्षण, व्होल्टेजची उसळी गिळणारा टीव्हीएस डायोड आणि वाहनासाठीच बनवलेला रेग्युलेटर, हे चौघे हवेतच. मोबाइल चार्जरमधून काढलेलं मॉड्यूल इथे नको.

६. टेबलावर काय काय हवं

- करंट मर्यादा लावता येणारा पॉवर सप्लाय. सुरुवातीला मर्यादा अर्ध्या अँपिअरवर ठेवा, चूक झाली तरी धूर निघणार नाही.
- दोन चॅनलचा ऑसिलोस्कोप.
- आठ चॅनलचा लॉजिक अ‍ॅनालायझर. २४ मेगाहर्ट्झचा साधा चालतो, पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर त्यावर चालतं.
- क्रँक आणि कॅमचा खोटा सिग्नल देणारा स्टिम्युलेटर. सुटा अर्डुइनो आणि आर्डूस्टिम हा मुक्त प्रोग्रॅम पुरतो.
- इंजेक्टरच्या जागी लावायला एलईडी आणि रेझिस्टर.
- टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा.
- वाहनाचे खरे कनेक्टर आणि त्यांचा योग्य क्रिम्पर. ब्रेडबोर्ड गाडीत नेऊ नका, थरथराटाने तारा सुटतात.

कागद म्हणाल तर: इंजिनाचा वायरिंग डायग्राम, ट्रिगर चाकाचे दात आणि गळालेल्या दाताचा वरच्या मृत बिंदूपासूनचा (पिस्टन सर्वांत वर असतो तिथपासूनचा) कोन, इंजेक्टरमधून किती पेट्रोल जातं ते आणि त्याचा डेड टाइम (उघडायला लागणारा वेळ), कॉइलचा ड्वेल (प्रवाह देण्याचा वेळ), प्रत्येक सेन्सरचा तक्ता आणि चिपच्या चुकांची यादी, म्हणजे इराटा. ही शेवटची बहुतेक जण उघडतच नाहीत. गाडी रस्त्यावर न्यायची असेल तर तुमच्याकडचे उत्सर्जनाचे नियम ईसीयू बदलायला परवानगी देतात का, तेही आधी बघा.

७. तयार बोर्ड की स्वतःचा?

पहिला ईसीयू स्पीडुइनो किंवा रुसईएफआयच्या प्रसिद्ध झालेल्या डिझाइनवरच करा. सर्किट समजून घ्या, स्वतः सोल्डर करा, कोड हवा तितका बदला, पण पॉवरचा आणि व्हीआरचा भाग शून्यातून आखू नका. इंजिन अडखळलं की दोष कोडमध्ये की सर्किटमध्ये, हे ओळखायला एक बाजू तरी भरवशाची हवी. शिवाय दोन्ही ट्यूनरस्टुडिओशी बोलतात, त्यामुळे ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर लिहायचा भार तुमच्यावर येत नाही. बोर्ड एक नाही, दोन घ्या.

८. इंजिनाला जोडायचा दिवस

टेबलावर स्टिम्युलेटर लावून सलग काही तास चालवा. आरपीएम वर-खाली करा, लॅपटॉप जोडा-काढा, पुरवठा ६ व्होल्टपर्यंत खाली आणा, सेव्ह दाबून बघा. एकही ठोका चुकता कामा नये.

मग गाडी. इंजेक्टरचा फ्यूज काढून ठेवा आणि टायमिंग कोडमध्ये १० अंशांवर पक्कं करा. अग्निशामक हाताशी, आणि पुरवठा तोडणारा स्विच ड्रायव्हरच्या सीटवरून पोचेल असा. स्टार्टर मारा आणि टायमिंग लाइट पुलीवर धरा. खूण १० अंशांवर स्थिर दिसायला हवी. सरकलेली दिसली तर ट्रिगरचा कोन दुरुस्त करा, थरथरताना दिसली तर चौथ्या पायरीवर परत या. स्थिर दिसली की इंजेक्टरचा फ्यूज लावा आणि चावी फिरवा.